सिनेमात मेलेले बाबा

माझे बाबा पहिल्यांदा मेले ते सीताबर्डीच्या एका थिएटरात, मध्यंतराच्या थोडं आधी, आणि अख्खं थिएटर खदाखदा हसलं. बाबा तेव्हा माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते. पडद्यावरच्या माणसाचं नाव वेगळं होतं. पण ती चाल, मान तिरपी करून ऐकणं, बोलण्याआधी शर्टाची बाही ओढणं, सगळं बाबांचं होतं.

सिनेमा लेखककाकांच्या कादंबरीवरचा. लेखककाका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे मित्र, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. बाबांचं सक्करदऱ्यात शिलाईचं दुकान. आजोबांच्या घरी हातमाग होता, तो बंद पडला तेव्हा बाबांनी शिलाई मशीन घेतली. पण त्यांचा जीव दुकानापेक्षा राजकारणात. आमच्या भागाच्या आमदाराला सगळे भाऊ म्हणत. बाबा त्यांचे सर्वांत जुने कार्यकर्ते. सभेत माइक तपासायचा, घोषणा द्यायच्या, भाऊ बोलायला उठले की पाण्याचा ग्लास पुढं करायचा, ही त्यांची कामं. माइकवर टिचकी मारून ते विचारायचे, "आवाज येऊन राहिला काय गा?" गर्दीतून "येऊन राहिला!" असं उत्तर आलं की त्यांचा चेहरा असा फुलायचा की जणू तेच निवडून आले. नगरसेवकाचं तिकीट मिळेल ही आशा त्यांनी कधी सोडली नाही. भाऊ दर वेळी म्हणायचे, "मास्टर, पुढच्या बारी तुमचंच."

लेखककाका संध्याकाळी दुकानात येऊन बसत. बाबा बटणं लावता लावता सभांचे किस्से सांगत आणि काका चहा पीत ऐकत. त्यातून त्यांनी कादंबरी लिहिली. हरायला आलेला एक नेता स्वतःवरच विषप्रयोगाचं नाटक रचतो. ग्लासातलं विष त्याचा भोळा चमचा पितो आणि भर सभेत मरतो. सहानुभूतीची लाट येते, नेता मंत्री होतो. कादंबरी फारशी कोणी वाचली नाही. बाबांनीही नाही. त्यांनी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून दुकानात ठेवली होती आणि गिऱ्हाइकांना दाखवायचे, "माझ्या दोस्तानं लिहेल हाय."

मग मुंबईचे लोक आले, तिचा सिनेमा करायला. त्यांच्यातला एक नट रोज दुकानात येऊन बसू लागला. बाबांना सांगितलं होतं की एका निष्ठावान कार्यकर्त्याची भूमिका आहे. बाबांनी त्याला चालून दाखवलं, घोषणा कशी पोटातून काढायची ते शिकवलं, त्याच्यासाठी रोज तर्री-पोहे मागवले. नट मोबाइलवर सगळं टिपून घेत होता. "माणूस मोठा, पण पाय जमिनीवर," बाबा घरी सांगायचे. आई विचारायची, "पण तुमचं काय दाखवून राहिले ते सिनेमात?" बाबा म्हणायचे, "इज्जत, दुसरं काय?"

थिएटरात त्यांनी नवा शर्ट घातला होता, स्वतः शिवलेला. पहिल्यांदा पडद्यावर तो नट माइकला टिचकी मारून "आवाज येऊन राहिला काय गा?" म्हणाला, तेव्हा लोक हसले आणि बाबाही हसले. दुसऱ्यांदा लोक आधीच हसले. पुढं पडद्यावरचा नेता त्याच्या हातात ग्लास देऊन म्हणाला, "आधी तुम्ही घ्या." तो माणूस कृतार्थ होऊन प्यायला, माइकवर पुन्हा तेच वाक्य अर्धं बोलला आणि दातखीळ बसून कोसळला. माइक त्याच्या अंगावर पडला आणि चिरकला. लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मागचा एक माणूस म्हणाला, "मस्त मेला साला!"

मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडेच बघत होते, तोंड थोडं उघडं. आई उठली आणि बाहेर गेली. बाबा शेवटपर्यंत बसले.

दोन दिवसांनी लेखककाका पेढे घेऊन घरी आले. आईनं डबा हातातही घेतला नाही.

"इतकी वर्षं आमचा चहा पेले, अन् आमच्याच माणसाले मारून टाकलं तुम्ही," ती म्हणाली.

"वहिनी, ते व्यंग आहे. मारलंय ते व्यवस्थेला."

"लोकं व्यवस्थेवर हसले काय? मी होती तिथं."

काका बाबांकडे वळले. "तू तरी समजून घे गा. तो निष्पाप आहे, म्हणून तर कथा उभी राहते."

बाबांनी पेढ्याच्या डब्याकडे पाहिलं. मग विचारलं, "मले आधी काहून नाही सांगतलं?"

"तुझ्याजवळ पुस्तक होतं ना," काका म्हणाले.

 काका गेले. बाबांनी पेढ्याचा डबा उघडला आणि एक खाल्ला. आई त्यानंतर काकांशी कधी बोलली नाही.

आम्हाला वाटलं, भाऊ तरी चिडतील. सिनेमातला नेता हुबेहूब तेच होते, पांढऱ्या बुटांसकट. भाऊंनी कार्यकर्त्यांसाठी अख्खं थिएटर घेतलं आणि पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. बाहेर येऊन सगळ्यांदेखत बाबांच्या खांद्यावर हात टाकला. "मास्टर, तुम्ही तर जिवंतपणी कामाले नाही आले. मेल्यावर बघा किती फायदा करून दिला!" सगळे हसले. बाबांनीही हात जोडून हसून घेतलं. मी तिथंच उभी होते.

निवडणूक जवळ आली तसं भाऊंच्या डोक्यात आलं की सभेत लोक बसवून ठेवायला बाबांना सिनेमातला प्रसंग करायला लावावं. बाबा माइकपाशी जायचे, वाक्य म्हणायचे, ग्लास प्यायचे आणि कोसळायचे. लोक शिट्ट्या मारायचे. मग भाऊ येऊन म्हणायचे, "घाबरू नका, माझ्या ग्लासात फक्त विकास हाय!"

मी शिकवते त्या शाळेतही ते पोचलं होतं. मी फळ्याकडे वळले की मागून आवाज यायचा, "मॅडम, आवाज येऊन राहिला काय?" मी घरी येऊन बाबांवर ओरडले. "लाज वाटत नाही का तुम्हाला? साठी उलटली तुमची. रोज चार लोकांसमोर मरता!"

"चार नाही वं, काटोलले दोन हजार होते," ते म्हणाले. "माझ्यासंग फोटो काढाले रांग लागली. इतकी वर्षं माइक तपासला, कोणी नाव इचारलं काय?"

त्यांचं कोपर सोललेलं होतं. आई हळद लावत होती आणि मुद्दाम जोरात दाबत होती.

शेवटची सभा लकडगंजला. त्या दिवशी भाऊंनी मुंबईहून खुद्द त्या नटाला आणलं. बाबा सकाळपासून खुशीत. त्यांना वाटलं, तो आपल्याला गुरू म्हणेल. नटानं स्टेजवर त्यांना ओळखायला जरा वेळ घेतला, मग वाकून नमस्कार केला. भाऊंनी माइक घेतला. "आता अस्सल कोण आणि नक्कल कोण, पब्लिक ठरवणार!"

आधी बाबा पडले. टाळ्या झाल्या. मग नट पडला. ग्लास हातातून निसटला, डोळे पांढरे झाले, एक पाय दोनदा थरथरला. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. भाऊंनी विचारलं, "अस्सल कोणता?" हजारो हात नटाकडे. पुढून एक पोरगा बाबांकडे बोट करून ओरडला, "ए डुप्लिकेट, उतर खाली!" बाकीच्यांनी ते उचललं. "डुप्लिकेट! डुप्लिकेट!" भाऊ हसत होते. नट मान खाली घालून हसू दाबत होता. बाबा बाही ओढत उभे राहिले, मग जिन्यानं सावकाश उतरले. शेवटच्या पायरीवर मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

रिक्षात ते फक्त एवढंच म्हणाले, "तो पायाचं जे करते ना, ते मले कोणी सांगतलंच नाही."

भाऊ दणदणीत निवडून आले. बाबा हार घेऊन बंगल्यावर गेले. गेटवरच्या शिपायानं ओळखलं आणि आधी डायलॉग म्हणायला लावला. बाबांनी म्हटला. सगळे हसले आणि गेट काही उघडलं नाही. नगरसेवकाचं तिकीट त्या वर्षी भाऊंच्या साळ्याला मिळालं. बाबांना कुणी सभेला बोलावलं नाही. लोकांना आता नवं काहीतरी हवं होतं.

ते पुन्हा मशीनवर बसले. गिऱ्हाईक कमी झालं होतं, कारण माप द्यायला आलेला माणूसही आधी हसायचा.

मागच्या दिवाळीत तो सिनेमा टीव्हीवर लागला. बाबा जेवता जेवता थांबले. आई रिमोट घेऊन चॅनल बदलायला लागली.

"थांब वं," ते म्हणाले, "आता माझं येते."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं, रिमोट खाली ठेवला आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.