कानाच्या कडेची जखम

विट्यात मी कानाची मशीनं बसवते. आटपाडीकडच्या एका मेंढपाळ आजोबांना मशीन दिलं आणि दोन महिन्यांत ते परत आले. कानाच्या वरच्या कडेवर हरभऱ्याएवढी खपली धरली होती.

"मशीन घासतंय बग, पोरी."

मलाही तसंच वाटलं. मशीनपासून कानात जाणारी नळी बदलून थोडी लांब दिली, मलम सांगितलं. पुढच्या खेपेलाही नळीच बदलली.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मशीन खिशातनं काढलं. "म्हैना झाला, लावलंच न्हाई. तरी रगात येतंय."

महिनाभर काही घासलंच नव्हतं, मग जखम भरली का नाही? दिवा जवळ घेतला. कड टणक, उचललेली. मधे ओला खड्डा. जन्मभर उन्हात राबलेल्या माणसाच्या कानावर अशी जखम दिसली तर काय समजायचं, हे मला शिकवलेलं होतं. दोनदा समोर असून मी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या कानाशी वाकून मी मोठ्याने म्हटलं, "आजोबा, हे मशीनचं नाही. उद्याच मिरजेला जा. तुकडा काढून तपासावा लागेल." कॅन्सर हा शब्द काही माझ्या तोंडातून निघाला नाही.

"मेंढरं नदीकाठाला न्यायचीत. आल्यावर जातो की."

चिठ्ठी दिली. रोज फोन लावला, बंद. पंधरा दिवसांनी मिरजेच्या दवाखान्यात विचारलं, ते गेलेच नव्हते. शेवटी त्यांच्या सुनेचा नंबर मिळाला. "कराडच्या फुडं कुटंतरी मेंढरं बसवल्याती," ती म्हणाली.

रविवारी स्कूटरवरून निघाले. दिसेल त्या कळपाजवळ थांबून विचारत दुपारी त्यांना गाठलं. फेट्याच्या शेवाने कान बांधलेला. कानाखाली हात लावला तर गाठ लागली.

"कॅन्सर असेल, आजोबा."

मशीन नव्हतंच, त्यांना ऐकू जाईना. तो शब्द मला भर रानात तीनदा ओरडून सांगावा लागला. त्यांचा मुलगा हातातली काठी टाकून धावत आला.

"मग तवाच का न्हाई म्हणलीस?" आजोबांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. कान काढला, मानेतल्या गाठी काढल्या, रेडिएशनचे शेक दिले. जखम कधीपासूनची, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मुलाच्या आधी मीच सांगितलं, नळीचंही सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मुलाचा फोन आला.

"म्हातारं गेलं. तुमी येऊ नगा, मॅडम."

मी गेले नाही.