जावईबापूंनी पुसलेले पारवे

सर्व गावकरी बंधू-भगिनींना नमस्कार.

आज सकाळी मी मुरुमहून नळदुर्गच्या किल्ल्यात गेलो होतो. बोरी नदीला पाणी आल्यामुळे नर-मादी धबधबा पूर्ण वेगाने कोसळत होता. नुसत्या पाण्याच्या फोटोवरून त्याची उंची कळत नाही. म्हणून तटावरचे पारवे पाण्यासमोरून उडेपर्यंत मी मोबाईल धरून उभा राहिलो. थवा आला, मी फोटो घेतला आणि घरी सर्वांना पाठवला.

दुपारी आमच्या जावईबापूंनी तो या ग्रुपवर टाकला. मला फोन करून म्हणाले, "मामा, त्यावर काळे ठिपके पडले होते. मी सगळे पुसून टाकले बघा!" आपणांपैकी अनेकांनी "आता कसा स्वच्छ दिसतो" असे कौतुकही केले.

अहो, ते ठिपके म्हणजेच पारवे होते! त्यांच्यावाचून हा धबधबा गच्चीच्या पन्हाळीतून पडणाऱ्या पाण्याएवढा दिसतो.

हे लिहायला बसलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आवं, जावई हायती ते. चारचौघांत असलं काय लिहू नगा. लेक दिलीय त्या घरात."

मी म्हणालो, "पंगतीत पहिला पाट त्यांचाच राहील. फोटो मात्र माझा आहे."

मूळ फोटो खाली देत आहे. तो मी हटवणार नाही. जावईबापूंसह सर्वांनी तो बोटांनी मोठा करून एक तरी पारवा शोधावा, त्याच्या डोक्यावर किती पाणी उभे आहे ते पाहावे आणि मग मला सांगावे, यात पुसण्यासारखे काय होते?