तालमीच्या मातीतलं ताक

माझ्या टेपवर पाय ठेवून वस्ताद म्हणाले, “मोजमाप ऱ्हाऊ द्या, साहेब. आमी पेडगावला जायलोत.”

निजामी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मी परभणीला जिल्हा बोर्डात ओव्हरसियर. म्हणजे बांधकामाचं एस्टिमेट करायचं आणि वर साहेबांची बोलणी खायची. झरीच्या तालमीला छप्पर नव्हतं; त्याच्याच एस्टिमेटसाठी मी मोजमाप घेत होतो. पावसाळ्यात कुस्तीच्या हौदाचं डबकं व्हायचं. पेडगावकरांनी वर्गणीतून छप्पर उभं केलं आणि वस्तादांना पैलवानांसकट बोलावलं.

बोर्डानं लगेच छप्पर मंजूर केलं तर वस्ताद थांबतील, असं मी साहेबांना सांगितलं. साहेब भडकले. “धमकी देतात? उद्या सगळी गावं बिऱ्हाड बांधून दारात उभी राहतील. जाऊ देत!”

मला फार वाईट वाटलं. तालमीत गेलो की वस्ताद बदामाचं दूध पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत.

नकार सांगायला गेलो, तर तालमीपुढे बैलगाडी. वस्ताद स्वतः फावड्यानं हौदातली माती भरत होते. आमच्याकडची जमीन काळी. कुस्तीला तांबडी माती लागते. ही लांबून आणलेली, ताक, तेल, हळद घालून वर्षानुवर्षं मऊ केलेली. ती मागे ठेवून वस्तादांनी जाणं शक्यच नव्हतं. आणि झरीत ज्या घरी ताक घुसळलं जाई, तिथून एक तांब्या तालमीला ठरलेला.

तेवढ्यात सोजरबाई नेहमीसारख्या तांब्या घेऊन आल्या. गाडी बघून थबकल्या.

“न्या की, वस्ताद. माती तुमचीच हाय. आमचं ताक तेवढं काढून द्या.”

“अन् आमची हळद!” मागून कुणी ओरडलं.

लोक हसले. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी फावडं मातीत टेकवलं. मग पंच्यानं डोळे पुसले.

“गाडी रिकामी करा रे. बाई, आणा तो तांब्या.”

मी साहेबांना सगळं सांगितलं.

“जात नाहीत म्हणता? मग आणा ते एस्टिमेट.”

धमकीला न मिळालेली सही ताकाला मिळाली. झरीच्या तालमीवर पत्रे चढले.

पुढे पेडगावकर माझ्याकडे आले. “साहेब, आमचं छप्पर लय झ्याक झालंय. पण पैलवान काई टिकंना.”

मी म्हटलं, “आधी ताक घालायला लागा.”