निळ्या मिरच्या
सर्वांत मोठं ऋण माझ्यावर आहे ते कॉलेजातल्या आमच्या संगणकाच्या सरांचं. नंदुरबारात वाळत्या मिरचीचा ठसका लागला की अजून ती परीक्षा आठवते. विंडोजवर लिहिलेली माझी ग्राफिक्स लायब्ररी, म्हणजे पडद्यावर चित्रं काढणारा प्रोग्रॅम, मला लिनक्स या दुसऱ्या सिस्टीमवर चालवून दाखवायची होती. नाहीतर घरातली पहिली पदवी हुकणार होती. पडद्यावर मिरचीचं शेत उमटलं, पण मिरच्या निळ्याशार! "तुमच्याकडे अशी पिकते का?" बाहेरून आलेले परीक्षक हसले. मागे उभ्या सरांनी एवढंच विचारलं, "पानं कशी दिखी ऱ्हायनात रे भो?" पानं हिरवीच होती. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा अशा क्रमाच्या तीन आकड्यांनी बनतो; मधला हिरवा जागेवर होता, म्हणजे नव्या सिस्टीमवर फक्त लाल आणि निळ्याचा क्रम उलटा झाला होता. मी एक ओळ बदलली आणि मिरच्या लाल झाल्या. काल सरांना पत्र पाठवलं: 'सर, चूक तुम्हाला आधीच दिसली होती, हे मला आता कळतं. तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत, म्हणून ती पदवी माझी आहे.'