करकरणारी खाट

काष्टीच्या बाजारात गोरक्षनाथ आप्पांना बैल दाखवायचा म्हणजे विकणाऱ्याला घाम फुटायचा. श्रीगोंद्याच्या बाजूला कुणाला जोडी घ्यायची असली की आधी आप्पांना चहाला बोलवायचे. आप्पा मालकाशी बोलायचेच नाहीत. सरळ बैलाच्या मागं जायचं, खूर उचलून बघायचा, खांद्यावर बोट दाबून बघायचं, आणि मग जे जनावर मनात भरलंय, नेमकं त्यालाच मोठ्यानं नावं ठेवायची. "कान बघा, लोंबत्यात. चाल बघा, आजारातनं उठल्यावानी." एवढं बोलून पाठ फिरवायची आणि सावकाश दहा पावलं टाकायची. अकराव्या पावलाला मालक हाक मारणारच. चाळीस वर्षांत हा हिशेब चुकला नाही.

चुकला तो नगरला, चौऱ्याण्णव साली, आणि तिथं बैलाचा काही संबंध नव्हता.

झालं असं, की आप्पांच्या बायको भागिरथीबाई गोठ्यात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. नगरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल. पण साखरेचा आजार आहे. पडून पडून पाठीला जखमा झाल्या तर आवरणार नाहीत. महिनाभर चांगल्या नर्सिंग होममध्ये ठेवा. आणि उद्या संध्याकाळपर्यंत आमची खाट मोकळी करा."

आता चांगलं कुठलं, हे कोण सांगणार? लेक शुभांगी सावेडीत राहायची, शाळेत शिकवायची. तिनं तीन नावं कागदावर लिहून आणली आणि सकाळीच आप्पांना लुनावर मागं बसवलं. एका हातानं धोतर आवरत आणि दुसऱ्यानं टोपी धरत आप्पा निघाले.

पहिल्या ठिकाणी दारातच काचेच्या पेटीत मासे. डॉक्टर हौसेनं एकेक मशीन दाखवायला लागला. हे जर्मनीचं, ते अमक्याचं. आप्पांचा वैताग वाढत चालला.

"डॉक्टरसायब, मशिनी ऱ्हाऊ द्या. पेशंट कुठं हायती?"

डॉक्टरला फोन आला तसे आप्पा सटकले. एका खोलीत एक म्हातारी उताणी पडली होती. आप्पांनी तिला विचारलं, "आक्का, कूस कोन बदलतं तुमची?"

"सून आली की बदलती."

"कवा येती?"

"आयतवारी."

ते ऐकून आप्पांनी पायाकडची चादर वर केली. टाचा लालभडक. तेवढ्यात आया ओरडत आली, "ओ बाबा, काय उचलताय?" शुभांगी शरमेनं अर्धी झाली.

"आप्पा, लोकांच्या चादरी काय उचलता!"

"मग काय मासे बघू? तुझी आई काय त्या पेटीत पवनार हाय?"

दुसऱ्या ठिकाणी शिपायानं दारातच अडवलं. पेशंट बघायची वेळ चार ते पाच.

"बघितल्याबिगर आनायचं कसं?"

"आधी ॲडमिट करा, मग बघा."

आप्पांचा पारा चढला. "आरं, काष्टीच्या बाजारात एखादा असं म्हनला तर लोक बैलाचं दावं सोडून त्यालाच बांधतील!" शुभांगीनं त्यांना दंडाला धरून लुनापर्यंत आणलं.

तिसरं नर्सिंग होम एका गल्लीत, जुन्या इमारतीत होतं. मासे नाहीत, शिपाई नाही. पाच खाटा, आणि प्रत्येक खाटेला शाळेतल्यासारखी पाटी टांगलेली. पाटीवर खडूनं लिहिलेलं: 'डावी, दहा वाजता.' पुष्पावती सिस्टर आल्या, एका म्हाताऱ्याला हलकेच उजव्या कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली आणि पाटी पुसून 'उजवी, बारा' लिहिलं. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर बारा. आप्पांनी म्हाताऱ्याची पाठ बघितली. तान्ह्या पोराची असावी तशी स्वच्छ. शेवटची खाट रिकामी होती, खिडकीजवळ.

आप्पांच्या मनात ती खाट भरली. आणि झाली ना पंचाईत! तोंड सुरू झालं.

"खाट करकरतीय. भिताडाचा रंग उडालाय. आन् ही पाटी कशाला? दवाखाना हाय का बिगारीचा वर्ग?"

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "पटत नसेल तर राहू द्या बाबा."

आप्पांनी पाठ फिरवली. शुभांगी त्यांच्या मागं निघाली. एक, दोन, तीन… दहा. अकरावं पाऊल रस्त्यावर पडलं. हाक नाही. आप्पांनी बारावं टाकलं, चपलेचा अंगठा उगाच नीट केला. तरी हाक नाही. तेवढ्यात समोर रिक्षा थांबली, दोघांनी एका आजोबांना उचलून आत नेलं, आणि खिडकीजवळची खाट गेली.

"हाक कशी मारली न्हाई?" आप्पांनी दाराकडं बघत विचारलं.

"कशाला मारतील? तुम्ही त्यांच्या तोंडावर नको म्हणालात!" शुभांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आप्पा, आईची पाठ आहे ती. काष्टीचा बाजार नाही."

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. आणि तसेच परत आत गेले.

"सिस्टर, मगाशी बोललो ते समदं खोटं. तुमच्यावानी काम म्या कुठं बघितलं न्हाई." हे बोलताना त्यांना दाढ उपटल्यासारखं झालं. "मंडळीला हितंच ठेवायचंय."

"खाट भरली हो बाबा. परवा एक मोकळी होईल. तोवर बोळातली जुनी खाट चालेल?" सिस्टरनी त्या खाटेवर हात टेकला. ती अशी करकरली की आतले पेशंट माना उचलून बघायला लागले. "ही मात्र खरंच करकरते."

"झ्याक हाय," आप्पा म्हणाले.

संध्याकाळी भागिरथीबाई त्या खाटेवर आल्या. आप्पा खाली बसून खाटेच्या सांध्यांना खोबरेल लावत होते.

"शुभांगी म्हनती, तुमी सिस्टरला चांगलं म्हनालात," बाई म्हणाल्या. "तोंडानं?"

"मग काय कानानं?"

"मला बघाय आलता तवा काय म्हनालता? पोरगी बुटकी हाय, भाकरी जाड थापती. आन् चालाय लागला."

"तुझ्या बापानं हाक मारली न्हवं?"

"मारली. म्या चौकटीआडून पावलं मोजत हुते. म्याच म्हनले बापाला, मार आता."

आप्पांच्या हातातली तेलाची बाटली कलंडली. तेवढ्यात सिस्टर आल्या, बाईंना कुशीवर वळवलं आणि नव्या पाटीवर 'डावी, सहा' लिहिलं. आप्पांनी अक्षराकडं निरखून बघितलं. काही तरी बोलायला तोंड उघडलं. भागिरथीबाईंनी डोळे वटारले, तसं मुकाट्यानं मिटलं.