पुढील आदेश होईपर्यंत

“आकडा किती?”

कामठेकाका माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. आधी नाव नाही, गाव नाही. हडपसरच्या एका लॅबमध्ये मी कोपरात कापसाचा बोळा दाबून बसले होते आणि शेजारच्या खुर्चीत सत्तरीचे एक गृहस्थ होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर एक लांबट अरुंद वही. मी विचारलं, “कसला आकडा?”

“रक्ताचा. मागल्या वेळचा. तुमची टिकटिक येतीय की ऐकू. माझ्यासारखीच लोखंडी झडप हाय.”

मला राग आला. ती टिकटिक परक्या माणसाने ऐकलेली मला आवडत नाही. मी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वाचनकक्षात शांतता राखणं हे माझं काम, आणि ऑपरेशननंतर त्या शांततेत सगळ्यात मोठा आवाज माझ्याच छातीतून यायला लागला होता. एका मुलीने एकदा अगदी नम्रपणे सांगितलं होतं, “मॅम, तुमचं वॉच खूप लाऊड आहे.” मी घड्याळ वापरत नाही. तिला सॉरी म्हटलं आणि आत जाऊन बसले.

तर आकडा होता एक पूर्णांक सहा दशांश. मी सांगितला. काकांनी वही मिटली आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

“गोळी घेताय?”

“घेते.”

“रोज?”

मी कापसाच्या बोळ्याकडे बघत राहिले.

लहानपणी आलेल्या एका तापाने माझी झडप हळूहळू निकामी केली होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती काढून धातूची बसवली. हृदयाची लय त्याच्या आधीच बिघडली होती, ती तशीच राहिली. शुद्धीवर आले तेव्हा सुधीर, म्हणजे माझा नवरा, रडत होता, सासूबाई रडत होत्या, आणि मी “बरं” म्हटलं. पुढे बरेच महिने सगळ्यांना माझं एवढंच उत्तर असायचं. छातीवरच्या व्रणाच्या डावीकडे हात लावला तर काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, कातडीखालच्या नसा आहेत, येईल हळूहळू संवेदना. आतल्या बधिरपणाबद्दल मी त्यांना विचारलं नाही. मला मरायचंबिरायचं नव्हतं. संध्याकाळी उठून डबीतून गोळी काढावी, एवढं कारण मात्र काही केल्या सापडायचं नाही.

काका पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. खडकवासल्याहून निघणारा कालवा शहर ओलांडून हडपसरवरून लोणीकडे येतो. त्यातल्या एका तुकड्यावर त्यांनी अख्खी नोकरी पाणी सोडण्यात आणि पाणी बंद करण्यात घालवली. डॉक्टरांनी मला प्लास्टिकचं रंगीत हृदय उघडून दाखवलं होतं, त्यातलं मला काही कळलं नव्हतं. ते काकांमुळे कळलं.

“वरचे दोन कप्पे नुसते थरथरत्यात, ताई. पाणी पुढं ढकलत न्हाईत. थांबल्या पाण्यात गाळ धरणारच. त्यातला एक गोळा सुटून मेंदूकडं गेला की संपला कारभार. म्हणून रक्त पातळ ठिवायचं. पण लई पातळ केलं की गळती. आपल्याला अडीच ते साडेतीन. खाली गाळ, वर गळती. आपण मधी चालायचं.”

लॅबच्या काउंटरवर पाटी होती : ‘रिपोर्टचा अर्थ येथे विचारू नये. तो डॉक्टरांना माहीत असतो.’ काका बरोबर त्या पाटीखाली बसून येईल त्याला अर्थ सांगायचे. काउंटरवरच्या बाईंनी एकदा त्यांना पाटी दाखवली. काका म्हणाले, “वाचलीय मी. हितं विचारू नये लिवलंय. सांगू नये असं कुठं लिवलंय?”

दर तिसऱ्या सोमवारी आमची गाठ पडू लागली. दुसऱ्याच वेळी त्यांनी माझ्यासाठी एक वही आणली, त्यांच्यासारखीच लांबट, घरी आखलेली. तारीख, पातळी, गोळी, शेरा. कालव्यावर पाण्याच्या पातळीची नोंद अशीच ठेवायचे म्हणे. मी पहिले तीन रकाने भरायला लागले, कारण न भरण्यापेक्षा ते सोपं होतं. शेऱ्यात रोज ‘निरंक’ लिहायचे. कॉलेजच्या कुठल्याही तक्त्यात सांगण्यासारखं काही नसलं की आम्ही तेच लिहितो. काकांनी वही पाहिली आणि पेनाने त्या शब्दांची रांग वरपासून खालपर्यंत मोजली.

“निरंक पावसाला लिवत्यात,” ते म्हणाले. “माणसाला न्हाय.”

“पण काही घडलंच नाही तर?”

“भाजी कुठली केली ती लिवा. जावेशी भांडलात ते लिवा. शेरा रिकामा ठिवायचा न्हाय.”

मग मी भाजी लिहायला लागले. भाजीचा तसाही या आकड्याशी संबंध असतो. पालेभाजी एकदम जास्त खाल्ली की गोळीचा जोर कमी पडतो. काकांनी यावरही नियम बसवला होता. रोज एक मूठ, मेथी असो की शेपू. सणालाही एक मूठ, सुतकातही एक मूठ. गौरींच्या जेवणात मी अळूचं फदफदं दोनदा घेतलं आणि त्या सोमवारी आकडा दोनाच्या खाली आला, तेव्हा काकांनी शेरा वाचून नुसतं “गौराई पावली” एवढंच म्हटलं. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा. हसताना छातीत दुखलं, तेही मी शेऱ्यात लिहिलं.

त्यांची एक गोष्ट मात्र सगळ्यांना छळायची. तोंडी सांगितलेलं काहीही ते धरायचे नाहीत. घरी काकूंनी चिठ्ठी लिहिल्याशिवाय मंडईतून भाजी येत नसे. मी फोनवर आकडा सांगितला की म्हणायचे, “मेसेज टाका. मेसेज लेखी धरतो मी.” मी एकदा चिडून विचारलं, हे काय खूळ? तेव्हा त्यांनी कारण सांगितलं.

नोकरी नवी होती. कालव्याची दुरुस्ती चालू होती आणि वरच्या साहेबांनी सायकलवरून माणूस पाठवला : दार उचला, पाणी सोडा. काकांनी दार उचललं. खाली कालव्यात दुरुस्तीचे मजूर अजून काम करत होते. बाकीचे काठ धरून वर चढले. एक पाण्याबरोबर पुढच्या पुलापर्यंत गेला, आणि तिथे सापडला तेव्हा जिवंत नव्हता. चौकशीत साहेब म्हणाले, “मी कुठं सांगितलं?” काका जवळजवळ वर्षभर निलंबित होते. पुढे सुटले, पण त्या मजुराचं नाव ते मला सांगू शकले नाहीत, तोंड वळवून बसले.

“तवापासून तोंडी हुकमावर दार हलत न्हाय,” ते म्हणाले. “कुणाचंबी असू दे.”

मला वाटलं, ठीक आहे, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर काकांची दाढ काढायची ठरली. दाताच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं : रक्त पातळ करणारी गोळी दाढ काढण्याच्या पाच दिवस आधीपासून बंद. लेखी हुकूम होता, काकांनी तो पाळला. शुक्रवारी दाढ निघाली. डॉक्टरांनी हातमोजे काढता काढता सांगितलं, “आज संध्याकाळपासून गोळी सुरू करा बरं का.” काका म्हणाले, लिहून द्या. डॉक्टर हसले. बाहेरची मुलगी म्हणाली, सर गावाला निघालेत, दिवाळीनंतर या. शनिवारी काकांनी हृदयाच्या डॉक्टरांकडे फोन लावला. तेही सुट्टीवर. त्यांचा सहायक म्हणाला, “घ्या ना काका, त्यात काय विचारायचं!” काका म्हणाले, तेवढंच मेसेजमध्ये टाका. तो ‘हो’ म्हणाला आणि विसरला.

हे सगळं मला माहीत आहे, कारण सोमवारी, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, काकांनी ते मला फोनवर सांगितलं. मी सोफ्यावर बसले होते. घरात चकल्यांचा वास होता, सासूबाई काहीतरी विचारत होत्या. तो आठवडा माझा वाईट होता. वाईट म्हणजे दुःखाचा नाही. काहीच न वाटण्याचा.

“दोघंबी तोंडी सांगत्यात,” काका म्हणत होते. “बंद करायचा कागद हाय माझ्याकडं. चालू करायचा कागद कुणी देईना.”

खाली गाळ धरतो हे मला ठाऊक होतं. त्यांनीच शिकवलं होतं. आठ दिवस गोळी बंद आहे, हे बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, “बघा, दोन-चार दिवसांत उघडेल सगळं.” ते “बराय” म्हणाले. मी फोन ठेवला आणि सासूबाईंना डबा काढून दिला.

त्या वर्षी मधे एक भाकड दिवस होता. बुधवारी, पाडव्याच्या सकाळी, काका अंघोळीहून येताना दारातच खाली बसले ते उठले नाहीत. डावी बाजू गेली. हॉस्पिटलमध्ये सांगितलं, गुठळी मेंदूत गेली.

लोक म्हणाले, हट्टी माणूस, स्वतःच्या हाताने करून घेतलं. सुधीरही तसंच काहीतरी म्हणाला. मला एकच गोष्ट कळत होती. त्यांना डॉक्टरांची सही नको होती. त्यांना कुणीतरी लिहिलेली एक ओळ हवी होती. ‘काका, आजपासून गोळी सुरू करा’ एवढा मेसेज मी टाकला असता, तर त्यांनी तो लेखी धरला असता. म्हणूनच त्यांनी मला फोन केला होता. एवढं कळूनही मला रडू आलं नाही. त्या संध्याकाळी मी माझी गोळी घेतली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग वही कपाटात ठेवून दिली.

काकांना घरी आणल्यावरही मी महिनाभर गेले नाही. शेवटी काकूंचा फोन आला. “तुमची वही घेऊन बोलावलंय त्यांनी,” काकू म्हणाल्या. आणि वर, “चिठ्ठी लिवायला लावतील मला न्हायतर.”

लोणीच्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत कॉट टाकली होती. काका खूप लहान दिसत होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, शब्द जड झाले होते, पण पहिला प्रश्न मला कळला.

“आ...कडा?”

“नाही काका. तपासला नाही.”

त्यांनी उजवा हात पुढे केला. मी वही दिली. पाडव्यापासूनची पानं कोरी होती. तारखाही नव्हत्या. ते पान उलटत गेले, सावकाश, एका हाताने, आणि मला वाटलं आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, “काका, त्या सोमवारी मी लिहून द्यायला हवं होतं.”

त्यांनी वही मिटली. मग मान हलवली.

“मी... मागितलं... न्हवतं.”

ते खरं नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. ज्या माणसाने साहेबाच्या एका खोट्यापायी जन्मभर कागद सांभाळले, तो माझ्यासाठी खोटं बोलत होता. मी छातीवर हात ठेवला, व्रणाच्या डावीकडे. तिथे काही कळत नव्हतं.

मग त्यांनी खिशातल्या पेनाकडे बोट दाखवलं. घरातल्या बंडीलाही काकूंनी पेन लावून ठेवलं होतं. काकूंनी वही धरली. काका लिहायला लागले. त्यांचं अक्षर पूर्वी छापल्यासारखं होतं, आता ओळ उतरत गेली. दोन ओळी लिहायला त्यांना इतका वेळ लागला की काकूंनी केलेला चहा माझ्या हातात गार झाला. खाली त्यांनी पूर्ण सही केली, तारीख घातली आणि वही माझ्याकडे सरकवली.

‘गोळी रोज सायंकाळी सात वाजता चालू ठेवणे. पुढील आदेश होईपर्यंत.’

“लेखी... हाय,” ते म्हणाले.

मी त्या संध्याकाळी सात वाजता गोळी घेतली. दुसऱ्या सोमवारी लॅबमध्ये गेले. आकडा वाईट होता, मग बरा झाला, मग अडीचच्या वर आला. प्रत्येक वेळी काकांना मेसेज टाकला. काकू त्यांना वाचून दाखवायच्या आणि उलट मेसेज यायचा : ‘पाहिले.’

होळीच्या आधी एका पहाटे काका झोपेतच गेले. मी जाऊन आले. काकूंजवळ बसले, त्या रडल्या, मी त्यांचा हात धरून ठेवला. घरी येऊन वही काढली. त्या दिवशीचा शेरा असा आहे : ‘कामठेकाका गेले. रडू आलं नाही. मेथी, एक मूठ.’

लॅबमध्ये त्यांच्या खुर्चीवर आता कुणीही बसतं. मागच्या सोमवारी एक मुलगा बसला होता, विशीतला, शर्टाच्या वरच्या बटणापाशी नवा व्रण दिसत होता. त्याची टिकटिक मला ऐकू आली. मी त्याला नाव विचारलं नाही. आकडा विचारला.

पुढचा आदेश देणारा माणूस आता नाही. त्यामुळे हा आदेश रद्द कुणी करू शकत नाही. रोज संध्याकाळी सात वाजता मी वहीचं ते पान उघडते, दोन ओळी वाचते आणि गोळी घेते.