चुकीची गोष्ट सांगून सापडलेला चोर

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल. कुणी वाचलंच तर माफ करावं. माझी शाळा चौथीपर्यंतच. त्या काळी शिकलेलं कुणी पुढे येईना, म्हणून साकोलीजवळच्या आमच्या गावाची पोलीस पाटीलकी माझ्याकडे आली. आता निवृत्त झाले, पण शाळेतल्या टीव्हीची चोरी काल घडल्यासारखी डोळ्यांपुढे आहे.

सोमवारी वर्ग उघडला तर टीव्ही गायब, कुलूप शाबूत. चावी दोघांकडेच असे, मुख्याध्यापक आणि खिचडी शिजवणारी बाई. मुख्याध्यापक सुट्टीत बाहेरगावी होते, त्यामुळे बोटं बाईकडे वळली. मी ठाण्याला वर्दी दिली. बीट जमादारांनी पंचनामा केला आणि बाईला समोर बसवलं.

"चावी कुणाला दिली होती?"

"कोनालेच नाही, साहेब. माह्या कंबरेलेच होती."

"मग टीव्ही काय उडून गेला?"

ती माझ्याकडे वळली. "पाटलीनबाई, तुमी तं सांगा! हे काम गेलं तं खाऊ काय? आन् चोरटीच्या लेकीले सून कोन करून घेईन?"

मुख्याध्यापकांनी तिला सगळ्यांसमोर कामावरून थांबवलं. मी गावभर विचारत फिरले. जो तो म्हणे, "मले का माहीत?"

दुसऱ्या दिवशी शाळेत जमादारांची वाट पाहत बसले होते. शेजारच्या वर्गात नव्या मॅडम प्रश्न विचारत होत्या आणि पोरं गप्प. मग मॅडमनी फळ्यावर बैल काढला, शिंगं शेपटीच्या जागी. वर्ग उसळलाच. "मॅडम, तसं नाही!"

"मग कसं? आणि शिंगं तिथंच असती, तर बैलानं मारलं कसं असतं?"

आता सगळ्यांनाच बोलायचं होतं. मला वाट दिसली. विचारलं की माणूस तोंड मिटतो; चुकीचं सांगितलं की त्याला राहवत नाही.

मी चक्कीवर गेले, हापशीवर गेले, शेवटी पानठेल्यावर. सगळीकडे एकच सांगितलं, "चोरानं खिडकीचे गज वाकवून टीव्ही नेला म्हणे." लोक "अस्सं का?" म्हणत. पानठेल्यावर मात्र दर उन्हाळ्यात गावातल्या छपरांची कवेलं, म्हणजे कौलं, फेरून देणारा माणूस हसला.

"काकू, तुमी बी! येवढा टीव्ही खिडकीतून निघते का? वरून कवेलं काढले का आरामात निघते. भिंतीले खरोचा बी नाही येत."

ठेलेवाल्याचा हात चुन्यातच थांबला.

"तुले कसं माहीत, बाबू?" माझा आवाज एवढा खणखणीत निघेल, असं मलाच वाटलं नव्हतं.

"अंदाज सांगून राहिलो ना, काकू!"

मी जमादारांना गाठून हे सांगितलं आणि त्यांनी शाळेच्या छपराला शिडी लावली. कवेलं जागेवर होती, पण एका ठिकाणी शेवाळाच्या रेघा जुळत नव्हत्या आणि खालच्या पट्ट्यांचे खिळे कोरे होते. ते दाखवताच कवेलं फेरणाऱ्यानं कबुली दिली. टीव्ही त्याच्या घरामागं तणसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात मिळाला.

त्या तपासानं मला शिकवलं की एका बाजूनं अडलं तर दुसऱ्या बाजूनं विचार करून पाहावा. पोरांना शाळेत याचीच सवय लावावी. पाठ केलेलं उत्तर परीक्षेपुरतं. घरात, शेतात, ठाण्यात ही सवयच कामी येते.

मुख्याध्यापक बाईच्या घरी गेले. "उद्यापासून ये."

"येईन, सर. पन चोरटी ठरवलं तवा सारं गाव होतं. आताबी सारं गाव पायजे."

सकाळी परिपाठाला गाव जमलं. मुख्याध्यापकांनी हात जोडले. "बाई प्रामाणिक आहे. चूक माझी झाली."

तिनं पदर खोचला. "बरं, तांदूळ काढा सर. पोरं उपाशी हायेत."